१४९ कवट्या आणि एक साधा प्रश्न

बारावीच्या वर्गातल्या एका मुलीनं मला सकाळी सव्वासहाला एक रील पाठवलं. आमच्याकडं पेठेत पावसाळ्यात रेंज पहाटेच जरा बरी असते, त्यामुळं मुलांचे मेसेज कोंबडा आरवायच्या वेळेला येतात. रीलमध्ये इरावती कर्वेंचा कृष्णधवल फोटो, मागं ढोलताशा, आणि वर पिवळ्या अक्षरांत: ‘हिटलरच्या शास्त्रज्ञाला खोटं पाडणारी मराठी वाघीण’. तीस सेकंदांत बर्लिन, फिशर, १४९ कवट्या, विजय. खाली मुलीनं लिहिलं होतं, “मॅडम, ह्याच का त्या ‘परिपूर्ती’वाल्या?” मी हो म्हटलं. दोन मिनिटांनी दुसरा मेसेज आला. “पण मॅडम, एवढ्या कवट्या आणल्या कुठून?”

मी मराठी शिकवते. इरावतीबाई माझ्यासाठी आधी ललितगद्य, मग ‘युगान्त’, आणि मग जमलंच तर मानवशास्त्र, अशा क्रमानं आलेल्या. त्यांच्या बर्लिनच्या दिवसांबद्दल मी बरंच वाचलं होतं, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो अकरा शेळ्या राखणाऱ्या घरातल्या मुलीला पडला, कारण तिच्या लेखी डोकं हे कुणाचं तरी असतं. तिचा प्रश्न घेऊन मी पुन्हा वाचायला बसले आणि जे वाचलं त्यानं इरावतीबाईंबद्दलचं माझं मत थोडं बदललं. वाईट झालं असं नाही. अवघड झालं.

आधी रीलमधल्या चुका काढून टाकू. इरावतीबाई १९२८ साली बर्लिनला गेल्या आणि १९३० साली डॉक्टरेट घेऊन परतल्या. हिटलर सत्तेवर आला जानेवारी १९३३ मध्ये. त्यामुळं त्यांनी ‘नात्सींना हरवलं’ हे वाक्य कॅलेंडरमध्येच बसत नाही. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे तेव्हा डालेम भागातल्या कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेचे संचालक होते. पुढं ते नात्सी राजवटीत बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले, १९४० साली पक्षाचे सदस्यही झाले. पण त्यांचा वंशविचार हिटलरनं दिलेला नव्हता. तो त्यांनी १९०८ साली जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहतीत, आजच्या नामिबियात, रेहोबोथच्या मिश्रवंशीय लोकांची मोजमापं घेऊन तयार केला होता आणि १९१३ साली पुस्तक करून छापला होता. हा फरक बारीक नाही. रीलला खलनायक म्हणून हिटलर हवा असतो, कारण हिटलर सगळ्यांना नकोसा आहे. विज्ञानाच्या नावाखाली दुसऱ्यांच्या डोक्यांना फूटपट्टी लावणारी वसाहत मात्र हिटलरच्या आधीपासून होती, आणि सभ्य माणसं तिच्यात आनंदानं काम करत होती.

फिशर यांचं गृहीतक असं होतं की गोऱ्या युरोपियनांच्या कवट्या डाव्या-उजव्या बाजूंनी सारख्या नसतात, कारण त्यांच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा असतो, आणि म्हणून ते जास्त तर्कशुद्ध. इरावतीबाईंना हे तपासायला सांगितलं. त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. निष्कर्ष निघाला की असमानता सगळ्यांतच असते, वंशाशी तिचा संबंध नाही. प्रबंध १९३१ साली जर्मनमध्ये छापून आला. पंचविशीच्या आतली बाई, परकी भाषा, समोर स्वतःचा मार्गदर्शक, आणि त्याच्याच गृहीतकाच्या विरुद्ध आकडे. हे धाडस खरंच आहे. ज्यांनी पीएचडीच्या गाइडसमोर एकदा तरी मान हलवली आहे त्यांना ते कळेल.

आता मुलीच्या प्रश्नाकडं.

त्या संस्थेत ज्या कवट्या होत्या त्यांतला मोठा साठा फेलिक्स फॉन लुशान या माणसानं उभा केलेला होता. लुशान (१८५४-१९२४) हा ऑस्ट्रियात जन्मलेला डॉक्टर, प्रवासी, उत्खनन करणारा आणि मानवशास्त्रज्ञ. आजच्या तुर्कस्तानात त्यानं लिशियात प्रवास केले, झिंजिर्ली इथं उत्खनन केलं, बर्लिनच्या मानववंश संग्रहालयात आफ्रिका आणि ओशनिया विभाग सांभाळला, विद्यापीठात मानवशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्वचेचा रंग जुळवून पाहायची ३६ रंगीत काचतुकड्यांची पट्टी त्याच्याच नावानं ओळखली जाते. वसाहतींत जाणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी आणि प्रवाशांसाठी त्यानं काय पाहावं, काय जमवावं याची सूचनापुस्तिका लिहिली. मग बर्लिनला पेट्या येऊ लागल्या. मुखवटे, भाले, टोपल्या, आणि माणसांची डोकी. कुठं दफनभूमी उकरून, कुठं लढाईनंतर, कुठं फाशी दिलेल्यांची. त्याच्याच संग्रहालयातला तरुण मानवशास्त्रज्ञ यान चेकानोव्स्की १९०७-०८ साली एका जर्मन ड्यूकच्या मोहिमेबरोबर मध्य आफ्रिकेत गेला आणि आजच्या रवांडा भागातून शेकड्यांनी कवट्या घेऊन आला.

लुशानचे दोन साठे होते. एक संग्रहालयाचा, सरकारी. तो पुढं फिशर यांच्या संस्थेकडं गेला, आणि इरावतीबाई जिथं शिकत होत्या तिथल्या फडताळांत पोचला. दुसरा साठा त्याचा खासगी, शिकवण्यासाठी जमवलेला, सुमारे पाच हजार कवट्यांचा. १९२४ साली लुशान वारला आणि त्याच वर्षी तो साठा न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीनं विकत घेतला. ‘नाइट अ‍ॅट द म्युझियम’ हा सिनेमा पाहिलेल्यांना ही इमारत ठाऊक आहे. डायनासोर, हत्ती, निळा देवमासा, आणि त्याच छताखाली, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या खोल्यांत, ही माणसं. नावातच गंमत आहे बघा. युरोपातल्या राजांची शस्त्रं आणि चित्रं इतिहासाच्या संग्रहालयात जातात, वसाहतीतल्या माणसांची हाडं निसर्गाच्या इतिहासात. पक्ष्यांच्या शेजारी. ऑक्टोबर २०२३ मध्ये या संग्रहालयाचे अध्यक्ष शॉन डिकेटर यांनी जाहीर केलं की मानवी अवशेष प्रदर्शनातून काढून घेतले जातील. तेव्हा लोकांना समजलं की तिथं एकूण सुमारे बारा हजार माणसांचे अवशेष आहेत.

लुशानबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण माझा सगळा मुद्दा तिच्यावर उभा आहे. हा माणूस वंशश्रेष्ठतेचा प्रचारक नव्हता. १९११ साली लंडनला भरलेल्या जागतिक वंश परिषदेत त्यानं भाग घेतला होता आणि माणूसजात एकच आहे, असं तो सांगत असे. त्या काळाच्या मानानं त्याचे निष्कर्ष बरेच बरे. तरीही पेट्या येतच राहिल्या. म्हणजे निष्कर्ष माणुसकीचा असला म्हणून साठा माणुसकीचा होत नाही. एखाद्याच्या आजोबांचं डोकं परवानगीशिवाय उचलून, ते मोजून, ‘तुझे आजोबा आमच्याइतकेच हुशार होते’ असं सांगितलं, तर नातवानं आभार मानायचे का?

इरावतीबाईंच्या १४९ मध्ये जर्मन माणसांच्या कवट्या होत्या तशाच पूर्व आफ्रिकेतल्या वसाहतींतून आणलेल्याही होत्या. मराठीत आपण हा आकडा क्रिकेटच्या धावांसारखा सांगतो. १४९! शतक आणि वर एकोणपन्नास. आकड्यामागं माणूस असतो हे ज्यांनी आपल्याला ललितगद्यातून शिकवलं, त्यांच्याच गोष्टीत आपण माणूस विसरतो.

‘परिपूर्ती’ हा लेख मी वर्गात दरवर्षी वाचून दाखवते. एका समारंभात बाईंची ओळख करून दिली जाते: अमक्यांची मुलगी, महर्षींची सून, तमक्यांची पत्नी, स्वतःही विदुषी. सगळं खरं, तरी काहीतरी राहिलंय असं त्यांना वाटत राहतं. मग रस्त्यानं जाताना शाळकरी पोरं आपसांत बोलताना ऐकू येतं की ही आपल्या वर्गातल्या मुलाची आई, आणि ओळख पुरी होते. या लेखावर स्त्रीवादी वाचकांनी आक्षेप घेतलेत आणि ते मला पटतातही. पण त्या रीलनंतर मी तो वेगळ्या कानानं वाचला. इथं एक मोठी विदुषी सांगते आहे की माणूस म्हणजे त्याची नाती. कोणाची कोण, हे सांगितल्याशिवाय माणूस पुरा होत नाही. पुढं १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेवर त्यांनी जो मोठा ग्रंथ लिहिला त्याच्याही मुळाशी हीच जाण आहे. आणि याच बाईंनी तरुणपणी दोन वर्षं अशी डोकी हाताळली की ज्यांची सगळी नाती तोडून त्यांच्यावर शाईनं क्रमांक घातलेले होते. त्यांना त्याचं काय वाटलं असेल? त्यांच्या मराठी लेखनात याचा जाब कुठं मिळतो का, म्हणून मी ‘परिपूर्ती’, ‘भोवरा’, ‘गंगाजळ’ पुन्हा चाळले. जर्मनीबद्दलची ममता मिळते, माणसं मिळतात. त्या डोक्यांशी संवाद मला तरी सापडला नाही. एवढ्या बोलक्या लेखिकेचं हे मौन मला खटकतं.

२०२४ साली ‘इरू’ हे त्यांचं इंग्रजी चरित्र आलं. लेखक दोन: ऊर्मिला देशपांडे, म्हणजे गौरी देशपांडेंची मुलगी आणि इरावतीबाईंची नात, आणि ब्राझीलमधून जर्मनीत आलेले मानवशास्त्रज्ञ तियागो पिंतो बार्बोसा. मला या जोडीचा हेवा वाटला. एकाला घरातलं माहीत, दुसऱ्याला फडताळातलं. रील बनवणाऱ्यांनी या पुस्तकातून फक्त विजय उचलला. बार्बोसा यांनी तर त्याआधी, २०२२ साली, एका शोधनिबंधात स्पष्ट मांडलंय की बर्लिनमधली वंशाची भाषा आणि मोजण्याची पद्धत इरावतीबाईंबरोबर महाराष्ट्रात आली आणि इथल्या जातींना लागली. म्हणजे ज्यानं त्यांची गोष्ट जगापुढं आणली त्यानंच तिची दुसरी बाजूही लिहून ठेवलीय. आपल्याकडं पहिलीचं भाषांतर झटकन होतं. दुसरीला वेळ लागतो.

ही दुसरी बाजू अशी. १९३९ पासून इरावतीबाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. डोंगरदऱ्या पायाखाली घालून त्यांनी महाराष्ट्रातल्या जाती-जमातींची मोजमापं घेतली. डोक्याची लांबी, रुंदी, नाकाची उंची, चेहरा. वि. म. दांडेकरांसारख्या संख्याशास्त्रज्ञाबरोबर ती १९५१ साली प्रसिद्ध केली. त्यांचा हेतू रिस्लीचा नव्हता, हे सांगायलाच हवं. रिस्ली हा इंग्रज अधिकारी १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख. नाक जितकं रुंद तितकी जात खाली, असा त्याचा ‘नियम’ होता. इरावतीबाईंना सिद्ध करायचं होतं ते वेगळंच. एकाच जातीचे तुकडे पडून पोटजाती झाल्या, हे त्यांचे गुरू गो. स. घुर्ये यांचं म्हणणं त्यांना मान्य नव्हतं. वेगवेगळे रक्तसंबंधी गट शेजारी येऊन जात नावाची चौकट बनते, असं त्या म्हणत. चांगला वाद आहे, आणि माझ्या मते त्यात बाईंची बाजू जास्त वजनदार आहे. पण तो लढायला हत्यार मात्र तेच घेतलं: कॅलिपर. ज्या हत्यारानं बर्लिनमध्ये वंशाचा फुगा फुटला तेच परत येऊन पुन्हा डोक्यांना लावावं, याचं कारण काय? मला वाटतं, फिशरचा निष्कर्ष त्यांनी नाकारला, प्रश्न नाकारला नाही. फ्रान्झ बोआसनं तर १९१० च्या सुमारालाच अमेरिकेत स्थलांतरितांच्या मुलांची डोकी मोजून दाखवलं होतं की डोक्याचा आकार एका पिढीत, नुसत्या हवापाण्यानं आणि खाण्यानं बदलतो. तेव्हाच ही पट्टी ठेवून द्यायला हरकत नव्हती.

हे मी इतकं मनाला का लावून घेते? कारण मी मोजल्या जाणाऱ्यांतली आहे. मी कोकणा. नाशिकहून सावळघाट आणि कोटंबीघाट उतरून आलं की पेठ तालुका लागतो, पुढं धरमपूर, गुजरात. इथली वस्ती मुख्यतः कोकणा, वारली, महादेव कोळी. आमच्याबद्दल छापील अक्षरांत पहिलं काही सविस्तर आलं ते १८८३ च्या नाशिक गॅझेटियरमध्ये. कोण काय खातं, काय नेसतं, कसं पुरतं. माझ्या लोकांबद्दल मला जे सहज माहीत आहे ते तिथं असं लिहिलंय की जणू आम्ही एखाद्या पेटीत बसून ऐकत नाही.

आणि मोजणं थांबलेलं नाही. माझी आई अंगणवाडी सेविका होती. तिच्याकडं दंडघेर मोजायची पट्टी असे, तीन रंगांची. साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली लाल, साडेबाराच्या वर हिरवी, मधली पिवळी. पाच वर्षांच्या आतल्या पोराच्या दंडाला ती गुंडाळायची, खेचायची, रंग बघायचा, रजिस्टरला लिहायचं. ‘सॅम’चं पोर निघालं की आई त्या रात्री जेवताना गप्प असे. तेव्हा मोजमाप म्हणजे वाईटच, असं मी म्हणूच शकत नाही. आईच्या पट्टीत आणि बर्लिनच्या कॅलिपरमध्ये फरक होता तो आकड्यानंतर काय होतं याचा. आईनं घेतलेला आकडा त्या पोराकडंच परत जायचा, डाळ-तांदूळ-अंडं होऊन, कधी उशिरा, कधी अर्धामुर्धा, पण त्याच्याचकडं. शिवाय तिला पोराचं नाव ठाऊक होतं, त्याच्या आईचं माहेरही. लुशानच्या संग्रहातून आकडा त्या माणसाच्या गावाला कधीच गेला नाही.

दुसरं मोजणं व्हॅलिडिटीचं. आदिवासी घरात इंजिनिअरिंगला नाहीतर नर्सिंगला पोर लागलं की हा शब्द वर्षभर घरात राहायला येतो. जात प्रमाणपत्र पडताळणी. कागदपत्रं तर लागतातच, शिवाय आप्तभाव चाचणी. १९९४ च्या माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं घालून दिलेल्या पद्धतीत ती आहे: देव कोणते, लग्न कसं लागतं, मयताचं काय करता, रूढी काय. खोटे दाखले काढून आमच्या जागा लाटणाऱ्यांना पकडायला ही चाळणी हवी, हे मला मान्य आहे. त्या चोरीची झळ आम्हालाच लागते. पण माझ्या धाकट्या बहिणीची प्रश्नावली भरायची वेळ आली तेव्हा काय झालं ते ऐका. ती नाशिकला होस्टेलवर वाढलेली. डोंगरदेवाचा उत्सव तिनं दोनदा पाहिलेला, कणसरीची गोष्ट अर्धी ठाऊक. तिनं आजीला फोन लावला. आजी म्हणाली, “सांग त्याह्यला, मी रामजीची नात.” (आजोबांचं नाव मी बदललंय.) बहीण म्हणाली, आजी, तसं नाही चालत, विधी सांगावे लागतात. शेवटी तिनं एक पीडीएफ शोधली आणि आपलं लग्न कसं लागतं ते वाचून पाठ केलं. अशा प्रकरणांत शंभर वर्षांपूर्वीची एन्थोव्हेनसारखी पुस्तकं अजून पुरावा म्हणून उद्धृत होतात. म्हणजे साहेबानं आम्हाला बघून लिहिलं, आणि आता आम्ही साहेबाचं वाचून आम्ही आहोत हे दाखवायचं. २०२३ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठाकूर जमातीच्या प्रकरणात म्हटलं की आप्तभाव चाचणी ही अंतिम कसोटी मानता येणार नाही. शिक्षण, शहर, स्थलांतर यांनी रूढी सुटतात. बहिणीला दाखला त्याआधीच मिळाला होता. पण आजीचं उत्तर माझ्या डोक्यातून जात नाही. ‘परिपूर्ती’तल्या पोरांनी दिलं तेच उत्तर तिनं दिलं होतं.

बोहाड्याचं तेच. आमच्याकडं सोंग ज्या घराचं त्या घराचं असतं. नरसिंहाचं सोंग नाचवायचा मान अमक्या घराण्याचा, तो मुखवटा त्यांच्याच माळ्यावर वर्षभर झाकून ठेवलेला. संबळ-काहाळीच्या तालावर मशालींच्या उजेडात तो बाहेर येतो तेव्हा म्हातारी माणसं मुखवट्याकडं बघून नाचणाऱ्याच्या बापाचं नाव घेतात. मी एका शहरातल्या संग्रहालयात असा मुखवटा काचेआड पाहिला. खाली लिहिलेलं: लाकूड, रंग, जिल्हा नाशिक. खोटं काहीच नव्हतं. शेजारी उभ्या मुलानं त्याच्याबरोबर सेल्फी घेतला आणि मला बाजूला व्हायला सांगितलं.

इरावतीबाईंवर मी रागावले आहे असं वाटत असेल तर तसं नाही. ‘युगान्त’मध्ये त्यांनी खांडववनाच्या दहनाबद्दल जे लिहिलंय ते मी आमच्या पोरांना मुद्दाम वाचायला देते. कृष्ण आणि अर्जुन रथांतून रानाभोवती फिरतात, बाहेर पडणारा प्रत्येक जीव मारतात, आणि महाकाव्य त्याला पराक्रम म्हणतं. बाईंनी त्याला पराक्रम म्हणायचं नाकारलं; जमीन हवी होती म्हणून राहणाऱ्यांची केलेली कत्तल, असं त्या वाचतात. मराठी वाचकाच्या लाडक्या देवाबद्दल १९६७ साली हे लिहायला छाती लागते. पुढं कोयना धरणानं उठवलेल्या माणसांची पाहणी त्यांनी जाई निंबकरांबरोबर केली, ती १९६९ साली आली. तिथं माणूस आकड्यात आहे, पण हरवलेला नाही. कोणाची जमीन गेली, सोयरीक कुठं तुटली, हे त्या विचारतात. बर्लिनहून निघालेली बाई चाळीस वर्षं चालत कोयनेपर्यंत आली, असं मी या प्रवासाकडं बघते. म्हणूनच त्यांना १९३० सालच्या एका विजयात कोंबून पुतळा करणं मला अन्याय वाटतं. त्यांच्या पालखीवरच्या लेखातला महाराष्ट्र पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्यांचा आहे. डोंगरदेवाच्या माउल्या त्यात कुठं बसतात, हे त्यांना विचारायला मला आवडलं असतं. त्या भांडल्या असत्या, आणि ऐकलंही असतं.

त्या कवट्यांचं पुढं काय झालं ते सांगते. बर्लिनमधला लुशानचा साठा युद्धानंतर हातोहात फिरत शारिते रुग्णालयाकडं आणि २०११ साली प्रशियन सांस्कृतिक वारसा प्रतिष्ठानाकडं गेला. तिथल्या संशोधकांनी पूर्व आफ्रिकेतल्या अकराशेहून अधिक कवट्यांचा कागदोपत्री माग काढला. बहुतांश आजच्या रवांडातल्या निघाल्या, बाकीच्या टांझानिया आणि केनियातल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की डीएनए जुळवून टांझानियातले तीन कवट्यांचे आजचे नातेवाईक सापडले. त्यांतली एक ‘अकिडा’ या नावाची नोंद असलेली होती. चग्गा लोकांचा राजा मांगी मेली याचा तो सल्लागार. मेलीला स्वतःला जर्मनांनी १९०० साली मोशी गावात फाशी दिलं आणि त्याचं डोकं नेलं, असं त्याचे वंशज सांगतात. ते डोकं या शोधात मिळालं नाही. हे वाचताना मला आमचा भाऊराजा आठवला, भगवंतराव नीळकंठराव, ज्याला पेठेच्या १८५७ च्या उठावात इंग्रजांनी फाशी दिलं. त्याची आठवण सांगणारी माणसं आहेत, जागा दाखवणारी आहेत. चग्गांना तेवढंही नाही.

आपल्या देशातही हे परकं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंग्लंडात एका लिलावात नागा माणसाची शिंगं लावलेली कवटी विकायला काढली होती. नागालँडमधून आरडाओरडा झाल्यावर ती मागं घेतली. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयातले नागा पूर्वजांचे अवशेष परत आणायचं काम नागा तरुण-तरुणी गावोगाव बोलत करताहेत. त्यांच्यापुढचा पेच मला खरा वाटतो: आता बहुतेक गावं ख्रिस्ती आहेत, मग परत आलेल्या पूर्वजाला कुठल्या विधीनं निरोप द्यायचा?

आणि डालेम. इरावतीबाई ज्या इमारतीत शिकल्या ती आज फ्री युनिव्हर्सिटीकडं आहे, तिथं राज्यशास्त्राचे वर्ग भरतात. २०१४ साली जवळ खोदकाम करताना हाडं निघाली. पुढच्या उत्खननांत मिळून सुमारे सोळा हजार तुकडे. काहींवर जुन्या संग्रहांच्या खुणा होत्या. संबंधित समाजांच्या प्रतिनिधींशी बोलून ठरलं की आणखी चाचण्या करायच्या नाहीत, कोण कुठला हे वेगळं काढायचं नाही, कारण तसं काढणं म्हणजे पुन्हा तेच वंशाचं वर्गीकरण. २३ मार्च २०२३ रोजी ती सगळी एकत्र, बर्लिनच्या एका स्मशानभूमीत पुरली.

मी हे सगळं वर्गात सांगितलं. अर्धा तास लागला, मधे लाइट गेली. रील पाठवणारी मुलगी दुसऱ्या बाकावर बसली होती. ती म्हणाली, “मग मॅडम, पुरताना नावं कोणाची घेतली?” मी म्हटलं, नावं माहीतच नव्हती. तिनं थोडा विचार केला आणि वही उघडली. पुढचा तास अर्थशास्त्राचा होता.